माशी नेमकी शिंकली कुठे?

शुक्रवार, संध्याकाळचे पावणेपाच. क्लायंट कॉल सुरू आहे, माझा माईक म्यूटवर आहे आणि टेबलावरचा फोन थरथरतोय. लातूरहून काकांचा मेसेज. फोटोत एक हिरवं पान, पानावर एक काळा ठिपका आणि खाली एकच ओळ : ‘ही कोणती माशी हाय माय? फवारू का?’

आता सांगा, काय उत्तर द्यायचं?

मी टेस्टर आहे. पुण्यात एका आयटी कंपनीत दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधते. काकांची शेती औशाजवळ. माझ्या कामाबद्दल त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा मी त्यांना सोपं करून सांगायला गेले, ‘काका, बग म्हणजे किडे, ते मी शोधते.’ संपलं! त्या दिवसापासून मी आमच्या खानदानाची अधिकृत कीटकतज्ज्ञ झाले. माझ्या फोनच्या गॅलरीत आता सेल्फी कमी आणि माश्या जास्त आहेत. लंच ब्रेकमध्ये मी फोटो झूम करत बसले की टीममधले विचारतात, ‘काय गं, माश्या मारतेस का?’ मारत नाही बाबांनो, ओळखते. आणि ओळखणं मारण्यापेक्षा बरंच अवघड आहे, हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकलेय.

ती गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. काकांच्या चार एकरांत करडई होती. लातूर म्हणजे तेलबियांचा मुलूख, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं गळीतधान्य संशोधन केंद्रच तिथे आहे. तर करडईला बोंडं लागत होती आणि काकांनी फोटो पाठवला. ‘ह्या माश्या लई घोंगावायल्यात. काय करू?’ फोटो हललेला. पिवळसर-काळं काहीतरी बोंडाजवळ. मी फोनमधल्या ओळखणाऱ्या अॅपमध्ये तो टाकला. पहिल्यांदा उत्तर आलं मधमाशी. फोटो थोडा कापून टाकला, तर फळमाशी. तिसऱ्यांदा भलतंच काहीतरी. मग मी स्वतःच नेटवर दहा मिनिटं वाचलं. करडईच्या बोंडात अंडी घालणारी एक माशी असते, तिच्या अळ्या बोंड आतून खातात, असं कळलं. झालं! करडई आहे, बोंड आहे, माशी आहे, म्हणजे तीच. मी ऐटीत टाईप केलं, ‘काका, ही कीड आहे. फवारा.’

काकांनी फवारलं. औषध आणि मजुरी मिळून पाच-साडेपाच हजार गेले. पंधरा दिवसांत करडईवर मावा असा चढला की शेंडे काळे-चिकट झाले, आणि पुन्हा फवारावं लागलं. मग काका तोच फोटो घेऊन एका कृषी अधिकाऱ्यांना भेटले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘पंखांवर डाग होते का?’

नव्हते. पंख काचेसारखे स्वच्छ होते. बोंडात अंडी घालणाऱ्या माशीच्या पंखांवर धुरकट डाग असतात. स्वच्छ पंखांची, पोटावर पिवळे-काळे पट्टे असलेली, हवेत एका जागी हेलिकॉप्टरसारखी थांबणारी माशी म्हणजे सिरफिड. तिची अळी मावा खाते. एक-एक करून मावा उचलते, शोषते आणि सालटं टाकून देते. आयुष्यात शेकड्यांनी मावा फस्त करते. म्हणजे काकांच्या शेतात फुकटात काम करणारी एक अख्खी टीम होती आणि मी पुण्यात बसून एका मेसेजवर तिला नारळ दिला!

काका काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. ‘असू दे माय, तुझं काम वेगळं हाय,’ एवढंच म्हणाले.

माझं काम वेगळं? मी विचार करत बसले. आमच्याकडे एखादा क्लायंट धूसर स्क्रीनशॉट पाठवतो आणि खाली लिहितो, ‘चालत नाहीये.’ अशा वेळी आम्ही लगेच कोड बदलतो का? अजिबात नाही. आम्ही विचारतो : कुठल्या पेजवर? आधी काय क्लिक केलं? आणखी स्क्रीनशॉट आहेत का? हे सगळं मी ऑफिसात रोज करते, आणि काकांच्या पोटापाण्याच्या प्रश्नावर मात्र एका हललेल्या फोटोवरून निकाल दिला होता.

मग मी जरा सिरियसली शिकायला बसले.

पहिला धडा : पंख मोजा. खऱ्या माशीला दोनच पंख असतात. माश्या, डास, चिलटं हा जो सगळा गट आहे त्याचं शास्त्रीय नावच डिप्टेरा, म्हणजे दोन पंखवाले. मागच्या दोन पंखांच्या जागी त्यांना टोकाला गोळी असलेल्या दोन बारीक दांड्या असतात. उडताना तोल सांभाळण्याचं, म्हणजे तुमच्या फोनमधला जायरोस्कोप करतो तसलं काम त्या करतात. मधमाशीला चार पंख. आणि गंमत म्हणजे कपाशीवरची ती बदनाम ‘पांढरी माशी’ ही मुळात माशीच नाही. तिला चार पंख असतात आणि ती माव्याच्या नात्यातली आहे. नांदेडकडच्या कापूसवाल्यांना हे सांगितलं तर म्हणतील, ‘नाव काय बी असू दे, जाते कधी ते सांगा.’

दुसरा धडा : फोटोला माप हवं. स्क्रीनवर झूम केलं की चिलट आणि घरातली माशी सारखीच मोठी दिसते. ह्यावर उपाय काकूंनी काढला. माशीशेजारी मोहरीचा एक दाणा ठेवायचा. मोहरी साधारण दीड-दोन मिलिमीटरची. फोटोत माशी मोहरीएवढी आहे की तिच्या तिप्पट, हे लगेच कळतं. मी हा मेट्रिक ऑफिसात सांगितला तर सगळे हसले, पण सांगा बघू, ह्याहून स्वस्त स्केल कुठे मिळेल?

तिसरा धडा : एक फोटो म्हणजे फोटोच नाही. वरून एक, बाजूने एक, समोरून तोंडाचा एक. पंखावरच्या शिरा दिसल्या तर सोन्याहून पिवळं. माशी थांबत नसेल तर पारदर्शक डबीत पकडून पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची. थंडीने ती सुस्तावते, तेवढ्यात पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढायचा. फोन अगदी नाकाला लावायचा नाही, थोडा लांब धरून झूम करायचं. मग तीही उडून जाते आणि आपणही कामाला लागतो.

ही प्रॅक्टिस तुम्हाला आजच करायची असेल तर गावी जायची गरज नाही. ऑफिसच्या पॅन्ट्रीत जा. केळ्यांभोवती फिरणारं, लाल डोळ्यांचं, तीनेक मिलिमीटरचं चिलट म्हणजे ड्रॉसोफिला, जगभरच्या प्रयोगशाळांची लाडकी माशी. त्यात एखादीच्या डोक्यापासून पाठीपर्यंत चंदेरी-पांढऱ्या रेघा दिसल्या तर थांबा. ती झाप्रिओनस इंडियानस. नाव ‘इंडियानस’, कारण १९७० साली तिचं शास्त्रीय वर्णन भारतातल्या नमुन्यांवरून झालं. पण तिचं मूळ घर आफ्रिका. १९९९ मध्ये ती ब्राझीलमध्ये पोचली आणि तिथल्या अंजिरांवर तुटून पडली. इतक्या लहान माशीचा पासपोर्ट बघा! आणि तिची ती रेघ फोनच्या साध्या फोटोतसुद्धा दिसते.

आता तुमच्या डेस्कवरच्या कुंडीकडे वळा. तिथून उठणारी काळी, लांब पायांची, मण्यांच्या माळेसारख्या मिशांची बारीक माशी म्हणजे बुरशीवर वाढणाऱ्या जातीतली. तिच्या पंखावर इंग्रजी ‘वाय’सारखी शीर दिसते. ती सांगतेय, की तुम्ही झाडाला नको इतकं पाणी घालताय. माती वाळू द्या, स्प्रे विकत आणू नका.

इथवर सगळं मजेमजेत चाललं होतं. मग आला जुलै २०२४.

माझी आत्या नांदेडला असते, वजिराबादमधल्या एका जुन्या घरात. तिच्याकडे अर्धापूरची केळी कायम टांगलेली, त्यामुळे चिलटांचे फोटो यायचेच. पण त्या रात्री साडेअकराला आलेला फोटो केळ्यांजवळचा नव्हता. बाथरूमच्या टाईलवर बसलेली एक करडी, केसाळ माशी. आणि मेसेज : ‘ही ती चांदीपुरावाली आहे का गं? पिंट्याला ताप आलाय.’

गुजरातमधल्या चांदीपुरा व्हायरसच्या बातम्या तेव्हा टीव्हीवर सारख्या चालू होत्या. हा व्हायरस मूळ आपल्याच राज्यात सापडला. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पुण्याच्या शास्त्रज्ञांना मिळाला, म्हणून त्याला ते नाव. २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुलांना गाठलं, त्यातली १८३ दगावली. आणि नांदेडची हद्द त्या राज्याला लागूनच. आत्याला झोप न येणं साहजिक होतं.

हा व्हायरस मुख्यतः सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी पसरवते. आणि गोंधळाचं कारण असं, की बाथरूममधली केसाळ माशी आणि वाळूमाशी एकाच कुळातल्या, नात्याने चुलत बहिणी. दोघी लहान, दोघी केसाळ. फरक बसण्यात आहे. बाथरूमवाली पंख अंगावर पसरून बसते, वरून बघितलं तर बदामाचा आकार दिसतो. ती ड्रेनेजच्या जाळीखालच्या चिकट घाणीत वाढते आणि चावत नाही. वाळूमाशी पंख वर उचलून, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे धरून बसते. रंग फिकट मातकट, पाय काटकुळे, आकार डासापेक्षा बराच लहान. लांब उडत नाही, उड्या मारल्यासारखी पुढे सरकते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठे, ओलसर कोपरे ही तिची ठिकाणं.

आत्याच्या फोटोत स्वच्छ बदाम होता. मी मोठा श्वास सोडला आणि टाईप केलं, ‘ती नाहीये. काळजी नको.’

आणि सेंड करायच्या आधी थांबले. करडई आठवली.

माशी ती नव्हती, हे खरं. पण पिंट्याचा ताप? त्याबद्दल त्या फोटोत काहीच नव्हतं. बाथरूममधली माशी निर्दोष निघाली म्हणून गोठ्याशेजारी खेळून आलेल्या पोराला दुसरी चावलीच नसेल असं थोडंच आहे? शिवाय वाळूमाशीचा फोटो असता, तरी ती नेमकी कुठल्या जातीची हे फोनवर कळत नाही. त्यासाठी तज्ज्ञ तिला काचपट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपखाली आतले अवयव बघतात. आणि तिच्या पोटात व्हायरस आहे की नाही, हे तर कुठलाच कॅमेरा सांगू शकत नाही.

मी ‘काळजी नको’ खोडलं आणि फोन लावला. ‘आत्या, माशी साधी आहे. पण माशी सोड. पिंट्याचा ताप किती आहे? उलट्या होतायत का? अंगाला झटके? हाक मारली की नीट बघतोय का?’

‘ताप एकशेतीन हाय. दोनदा उलटी झाली.’

‘मग आत्ता निघ. सकाळपर्यंत थांबू नको.’

कारण चांदीपुराचं तसंच असतं. एकदम चढलेला ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि हे सगळं काही तासांत. त्यावर खास असं औषध नाही. वेळेत दवाखान्यात पोचणं आणि तिथे मिळणारी देखभाल, एवढंच हातात असतं. आत्या आणि तिचा मुलगा रात्री साडेबाराला पिंट्याला घेऊन बालरुग्णालयात पोचले. साधा व्हायरल निघाला. तीन दिवसांनी पठ्ठ्या घरी येऊन केळी खात होता. पण त्या रात्री मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये अडीच वाजेपर्यंत फोनकडे बघत बसले होते. माझे ते खोडलेले दोन शब्द गेले असते तर आत्या कदाचित झोपून गेली असती. डॉक्टरांपेक्षा तिचा माझ्यावर जास्त विश्वास, हीच तर भीती!

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. फोटो आला की आधी स्वतःला विचारायचं : समोरच्याला माशीचं नाव हवंय, की त्या नावावरून तो पुढे काहीतरी करणार आहे? नुसतं नाव हवं असेल तर बिनधास्त अंदाज करा, चुकलं तर हसू. पण त्यावर फवारणी ठरणार असेल, तापाचा निर्णय ठरणार असेल, तर ‘फोटोवरून एवढंच कळतं’ असं म्हणायची लाज वाटू द्यायची नाही. दोन पंखवाल्यांच्या दीड लाखाहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. ज्यांनी त्यात आयुष्य घालवलंय ती माणसंसुद्धा फोटो बघून बरेचदा कुळापर्यंत येऊन थांबतात. आपण कोण लागून गेलो?

तर, शुक्रवार, पावणेपाच. काकांचा काळा ठिपका.

पान सोयाबीनचं होतं. हल्लीच्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यात नजर जाईल तिथे सोयाबीनच. पानावर मोहरीच्या दाण्याशेजारी मोहरीएवढीच चकचकीत काळी माशी. सोयाबीनची खोडमाशी अशीच असते, जेमतेम दोन मिलिमीटर. पण अशा चकचकीत काळ्या बारीक माश्या ढिगाने आहेत. तज्ज्ञांनासुद्धा जात पक्की करायला पंखांच्या शिरा, डोक्यावरचे राठ केस आणि शेवटी नराच्या शेपटाकडचे अवयव मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. काकांच्या फोटोवरून मी काय कपाळ सांगणार?

पण तोवर मला एक गोष्ट कळली होती. ह्या माशीचा चेहरा ओळखता आला नाही तरी तिची करणी ओळखता येते. खोडमाशीची अळी पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात शिरते. आतला गाभा खात जाते आणि मागे लालसर बोगदा ठेवते. रोप लहान असेल तर सुकतं, मोठं असेल तर बाहेरून पत्ताच लागत नाही. म्हणून मी लिहिलं, ‘काका, माशीचा फोटो नको. पाच-सहा ठिकाणची झाडं उपटा, खोड उभं चिरा आणि आतला फोटो पाठवा. आणि खोडावर दोन गोल चकत्या कापल्यासारख्या खुणा आहेत का तेही बघा.’

चकत्यांचा प्रश्न ह्यासाठी, की चक्रीभुंग्याची अळीसुद्धा सोयाबीनचं खोड आतून पोखरते. पण त्याची मादी अंडी घालण्याआधी देठावर किंवा खोडावर दोन रिंगा कापते. रिंगा असतील तर भुंगा. रिंगा नाहीत, लालसर बोगदा आहे, आत बारीक पांढुरकी बिनपायाची अळी आहे, तर खोडमाशी. म्हणजे गुन्हेगाराच्या फोटोपेक्षा गुन्ह्याच्या जागेचा फोटो जास्त बोलतो. शिवाय एका झाडात सापडली म्हणून धावायचं नसतं. शंभरात किती झाडं पोखरलीत, त्या टक्क्यावर फवारणी ठरते. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांनी मोठा हल्ला केला, त्यानंतर २००९ पासून राज्यात सुरू झालेला क्रॉपसॅप प्रकल्प नेमकं हेच करतो. शेतात जाऊन मोजायचं आणि मग सल्ला द्यायचा.

कॉल संपला. टीम चहाला गेली. मी जागेवरच बसून राहिले. साडेपाचला एकामागोमाग फोटो यायला लागले. काकांच्या तळहातावर चिरलेली खोडं, प्रत्येकाशेजारी न चुकता मोहरीचा दाणा. बहुतेक आतून पांढरीशुभ्र. दोनांत मात्र लाल रेघ होती आणि एका रेघेच्या टोकाला अळी.

‘उद्या सकाळी शंभर झाडं बघतो,’ काकांनी लिहिलं. ‘आकडा घिऊनच कृषी सहायकाकडं जातो. मग ठरवू फवारायचं का नाय ते.’

मी अंगठा पाठवला. दोन मिनिटांनी आणखी एक मेसेज आला.

‘माशी कुठं शिंकली ते सापडलं माय. तू आता तुझे बग बघ.’